ब्रनोचा मठ आणि वऱ्हाडची सरकी

'पेरावे तसे उगवते' ही म्हण मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. शेतात ती वर्षानुवर्षे खरी ठरत आली आहे. घरात आणि गावातही माणसाच्या आचरणाविषयी बोलताना तिचाच दाखला दिला जातो. परंतु वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती गेल्या पन्नास वर्षांत असे एक बी आले की, त्याच्यापुढे ही म्हण अपुरी पडली. संकरित कपाशीची सरकी पेरली की पहिल्या वर्षी पीक डोळ्यांत भरते. त्याच पिकातील सरकी जपून ठेवून पुढल्या मृगात पेरली, तर शेतात एक झाड दुसऱ्यासारखे येत नाही. काही उंच, काही खुजी, काही लवकर फुटणारी, तर काही नुसतीच पानांनी माजलेली. 'दुसऱ्या वर्षी ते बी बिघडते', एवढेच उत्तर शेतकरी देतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

बी बिघडत नाही. ते एका नियमाने वागते. तो नियम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातील एका मठाच्या बागेत, ऑगस्टिनियन संघाच्या एका धर्मगुरूने शोधून काढला. त्या नियमाचा आणि वऱ्हाडच्या कपाशीचा इतिहास एकत्र सांगावा, हा आमच्या या लेखाचा हेतू आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरचे ते एक स्थानक होते. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. या जमिनीत कपाशी, ज्वारी आणि तूर ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली. वऱ्हाडात याच नावाचे आणखी एक हिवरखेड अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. तो मुलूख संत्र्यांचा. ही दोन नावे एकत्र आली की आम्हांला नेहमी एक भेद आठवतो. संत्र्याची बाग बियांपासून करीत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. म्हणून कलमाचे झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. कपाशीला ही सोय नाही. ती दरवर्षी बियातून नव्याने जन्म घेते, आणि बी म्हणजे दोन जनकांच्या गुणांचा नवा मेळ. कपाशीच्या इतिहासातील सारी गुंतागुंत या एका गोष्टीतून निर्माण झाली आहे.

जुन्या काळी वऱ्हाडात आणि शेजारच्या वर्धा खोऱ्यात 'बनी' नावाची देशी कपाशी होत असे. हिंगणघाटच्या बाजारामुळे तिला मोठे नाव मिळाले होते. तिचा धागा देशी कपाशीत लांब, मऊ आणि रेशमासारखा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खास कापसासाठी म्हणून खामगावचा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. इंग्रज सरकारने या प्रांतासाठी एक कापूस आयुक्तही नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे ते अधिकारी. चांगल्या बनीचे बी गावोगाव पोहोचवावे, धागा सुधारावा, अशी त्यांची खटपट होती.

खटपट प्रामाणिक होती, पण बनी हळूहळू मागे पडली. तिची जागा 'जरी' नावाच्या आखूड धाग्याच्या कपाशीने घेतली. कारण उघड होते. जरी लवकर येई, अधिक पिके आणि तिच्यातून रुईही अधिक निघे. व्यापारी लांब धाग्याची स्तुती करीत, परंतु त्यासाठी पुरेसा जादा भाव देत नसत. तेव्हा शेतकऱ्याने जे पेरले ते त्याच्या हिशेबाने योग्यच होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी घरोघरी स्त्रिया चरकीवर कापूस वठवीत. सरकी घरातच राही. चांगल्या झाडाची निवडून, शेणमातीत चोळून ती पेरली जाई. वाफेवरचे जिनिंग कारखाने आले आणि दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला. कारखान्यातून परत येणारी सरकी कोणत्या शेतातली, कोणत्या जातीची, हे कोणालाच सांगता येईना. शिवाय कपाशीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. भेसळ ढिगात झाली तशीच ती फुलातही झाली. सरकारने १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला, पुढे १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी कायदा केला. गाठीतील भेसळ पाहता येते. बियाच्या आतली भेसळ कशी पाहावी, याचे ज्ञान मात्र १८६० च्या दशकात जगात कोणापाशीच नव्हते, एका माणसाचा अपवाद सोडून.

मठाच्या बागेतील वाटाणे

तो माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता. योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका खेड्यात झाला. वडील जमीनदाराच्या शेतावर वेठ भरून उरलेल्या दिवसांत स्वतःची जमीन कसत. अपघाताने त्यांचे शरीर मोडले, तेव्हा मुलाचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्याचा काही भाग भावाच्या शिक्षणासाठी दिला. १८४३ मध्ये योहान ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. तेथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा झाली. शिक्षकाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, तरी मठाधिपती नाप यांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले. तेथे ते पदार्थविज्ञान आणि गणित शिकले, आणि हा गणिताचा संस्कार पुढे निर्णायक ठरला.

१८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे त्यांनी मठाच्या आवारात वाटाण्यावर प्रयोग केले. सुमारे अठ्ठावीस हजार झाडे त्यांनी तपासली. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की खुजे, अशा सात गुणांच्या जोड्या त्यांनी निवडल्या. फूल उमलण्याआधी त्याचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि फूल झाकून ठेवायचे, अशी त्यांची रीत होती.

गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. पण त्या गोल दाण्यांची झाडे वाढवून त्यांना स्वतःच्याच परागाने फळू दिले, तेव्हा २५३ झाडांपासून ७,३२४ दाणे मिळाले. त्यांत ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. आजीचा गुण नातवात परत यावा, तशी सुरकुती परत आली होती.

मेंडेल यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा. प्रत्येक गुणाचे दोन घटक झाडात असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. त्यांपैकी एक प्रभावी असतो, तो दिसतो; दुसरा अप्रभावी, तो झाकला जातो, पण नष्ट होत नाही. झाडाला पराग आणि बीजांड तयार होताना ही जोडी फुटते आणि प्रत्येकात एकच घटक जातो. पुन्हा मेळ होताना झाकलेले दोन घटक योगायोगाने एकत्र आले की लपलेला गुण प्रकट होतो. त्या घटकांना आज आपण जनुके म्हणतो.

त्यांनी दोन गुणांच्या जोड्या एकदम घेऊनही पाहिल्या. गोल-पिवळा आणि सुरकुतलेला-हिरवा यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ५५६ दाणे आले: ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे. हे प्रमाण नऊ, तीन, तीन, एक असे पडते. प्रत्येक जोडी दुसरीची पर्वा न करता आपापल्या वाटेने फुटते. वाचकांनी हे चार आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे ते आपल्याला वऱ्हाडच्या बोंडात भेटणार आहेत.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान संस्थेपुढे मेंडेल यांनी हा निबंध वाचला. १८६६ मध्ये तो छापला गेला. वऱ्हाडात बनीचे बी शुद्ध कसे राखावे यासाठी साहेब लोक झटत होते, ते हेच दशक. उत्तर छापून ग्रंथालयांच्या फळ्यांवर ठेवले गेले होते आणि कोणी ते उघडून पाहिले नाही. १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले. पुढची वर्षे मठावरील कराच्या वादात गेली आणि १८८४ मध्ये त्यांचा अंत झाला. १९०० मध्ये ह्यूगो द फ्रीस, कार्ल कोरेन्स आणि एरिख फॉन चेरमाक यांनी तो नियम नव्याने मांडला, तेव्हा कोठे जगाला ब्रनोच्या धर्मगुरूची ओळख पटली.

आम्हांला येथे पेरणाऱ्याचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. त्या दाखल्यात बी एकच आहे, जमिनी निरनिराळ्या आहेत. मेंडेल यांनी जमीन एकच ठेवली आणि बियाबियांत काय निराळे आहे, ते मोजले.

पांढरे फूल, पिवळे फूल

नवा नियम हिंदुस्थानच्या कपाशीला लागू आहे का, हे तपासण्याचे काम लवकरच सुरू झाले. कानपूर येथे मार्टिन लीक यांनी देशी कपाशीवर संकराचे प्रयोग करून १९११ मध्ये ते प्रसिद्ध केले. पिवळ्या फुलाचा गुण प्रभावी, पांढऱ्या फुलाचा अप्रभावी, असे त्यांना दिसले. वाटाण्याचे गणित कपाशीला जसेच्या तसे लागू पडले.

याचा अर्थ वऱ्हाडच्या दृष्टीने पाहू. जरी ही एक जात नव्हती. अनेक जातींची ती सरमिसळ होती. तिच्यातूनच मध्य प्रांताच्या शेतकी खात्यातील क्लाउस्टन यांनी 'रोझियम' ही पांढऱ्या फुलांची कपाशी निवडून वाढविली. धागा आखूड, पण रुईचा उतारा भरपूर, म्हणून शेतकऱ्यांनी ती पसंत केली. आता पांढरे फूल अप्रभावी असल्याने ज्या झाडाला पांढरे फूल येते, त्याच्यात रंगाचे दोन्ही घटक पांढरेच असतात. अशा शेतात एखादे पिवळे फूल दिसले की ते परके झाड, हे शेतकऱ्याला तेथेच कळते. पिवळ्या फुलांच्या शेतात ही सोय नाही. तेथे पिवळ्याच्या पोटात पांढरे लपलेले असू शकते. वरवर शुद्ध दिसणारे बी आतून मिश्र असू शकते, हे मेंडेल यांचे सांगणे. ज्या भेसळीपुढे आधीच्या पिढीचे अधिकारी थकले होते, ती ही अशी होती.

रंग घेणारे धागे

मेंडेल यांनी घटक मानले, पण ते पाहिले नव्हते. ते कोठे राहतात, याचा शोध दुसऱ्या वाटेने लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवून पाहण्याची रीत रूढ झाली. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाला पेशी दुभंगताना तिच्या केंद्रकात धाग्यांसारखे तुकडे दिसले. ते रंग चटकन घेत, म्हणून १८८८ मध्ये वाल्डायर यांनी त्यांना 'रंगीत काया' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आपल्याकडे त्यांना गुणसूत्रे म्हणतात, आणि हा शब्द मूळ नावाहून अधिक सांगतो.

अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात शेतावर वाढलेला वॉल्टर सटन हा तरुण नाकतोड्याच्या पेशी पाहत होता. गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. नर-मादीच्या बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडी फुटते आणि प्रत्येकीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. मेंडेल यांच्या घटकांची चाल हुबेहूब अशीच होती. १९०२-०३ मध्ये सटन यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीच्या बोव्हेरी यांनी, हे नाते दाखवून दिले. घटक राहतात ते या सूत्रांवर. वाटाण्यात अशी चौदा गुणसूत्रे, म्हणजे सात जोड्या. माणसात सेहेचाळीस, हा आकडा १९५६ मध्ये निश्चित झाला.

सव्वीस आणि बावन्न

आता आपण कपाशीची गुणसूत्रे मोजू. देशी कपाशीत ती सव्वीस आहेत, म्हणजे तेरा जोड्या. अमेरिकन कपाशीत मात्र बावन्न, बरोबर दुप्पट.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही. कंपनीच्या काळापासून अमेरिकन कपाशी हिंदुस्थानात रुजविण्याचे प्रयत्न चालले होते. १८४० च्या सुमारास तर अमेरिकेतून अनुभवी बागायतदार पगार देऊन आणले गेले. लांब धाग्याची अमेरिकन कपाशी आणि काटक देशी कपाशी यांचा मेळ घालता आला तर किती बरे, असे कोणालाही वाटावे. पण तो सहज जमत नाही. कारण अमेरिकन जनकाकडून सव्वीस आणि देशी जनकाकडून तेरा अशी एकोणचाळीस गुणसूत्रे संकराच्या वाट्याला येतात. त्यांपैकी तेरांना जोडीदार मिळत नाही. जोड्या फुटण्याच्या वेळी सारा गोंधळ होतो आणि झाड वांझ राहते.

परंतु बावन्न हा आकडा आला कोठून? १९३४ मध्ये स्कोव्हस्टेड यांनी मांडले की, अमेरिकन कपाशीच्या पोटात गुणसूत्रांचे दोन संच आहेत. एक अमेरिकेतील रानकपाशीचा, आणि दुसरा जुन्या जगातील, म्हणजे आपल्या देशी कपाशीच्या कुळातला. १९४० मध्ये टेक्सासच्या बीस्ली यांनी ते करूनही दाखविले. देशी कपाशी आणि अमेरिकन रानकपाशी यांचा वांझ संकर त्यांनी घेतला आणि कोल्चिसीन या द्रव्याने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली. (हे द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदातही असते.) प्रत्येक सूत्राला जोडीदार मिळाला, झाडाला फळ धरले, आणि ते अमेरिकन कपाशीशी जुळले. निसर्गाने हे लग्न दहा-वीस लाख वर्षांपूर्वीच लावले होते. ज्या कपाशीला आमचे शेतकरी परदेशी म्हणत आले, तिच्या पेशीपेशीत अर्धे नाते आमच्या देशी कपाशीच्या कुळाचेच आहे.

संकराचे युग

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक कपाशी देशी होती आणि फाळणीने लांब धाग्याचा पंजाब-सिंधमधील मुलूख पाकिस्तानात गेला. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन कपाशीवर भर आला. १९६९ च्या २० ऑक्टोबरला अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याला दिले गेले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' ही कपाशी दिली. व्यापारी प्रमाणावर पेरली गेलेली ही जगातील पहिली संकरित कपाशी. दोन वर्षांनी धारवाडहून 'वरलक्ष्मी' आली. नांदेडची 'एनएचएच-४४' आणि अकोल्याची 'पीकेव्ही हायब्रीड-२' ही नावे वऱ्हाडातील जुन्या शेतकऱ्यांना अजून तोंडपाठ आहेत. बियाणे पुरविण्यासाठी १९७६ मध्ये 'महाबीज' हे राज्य महामंडळ अकोल्यातच उभे राहिले. जालना शहर खाजगी बियाणे उद्योगाचे केंद्र बनले.

संकरित सरकी तयार कशी होते? उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर अलगद काढायचे, कळीवर खूण ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. मेंडेल यांनी चिमट्याने जे केले, तेच काम बीजोत्पादनाच्या शेतांत हजारो बायाबापड्या, आणि पुष्कळदा शाळेत असायला हव्या होत्या अशा मुली, उन्हात उभ्या राहून करीत आल्या. बियाच्या पाकिटाची किंमत मोजताना हे हातही आठवावेत.

दोन शुद्ध जनकांचा हा पहिला मेळ. म्हणून पहिल्या पिढीतील सारी झाडे सारखी आणि जोमदार. परंतु प्रत्येक झाडाच्या पोटात दोन निराळे घटक आहेत, आणि दुसऱ्या पिढीत जोड्या फुटताच आजी-आजोबांचे झाकलेले गुण हवे तसे बाहेर पडतात. मेंडेल यांनी हेही गणित करून ठेवले होते: आपल्याच परागाने फळणाऱ्या झाडांत संकरपणा प्रत्येक पिढीत निम्मा होत जातो. अर्धा, मग पाव, मग अष्टमांश. शेतकरी ज्याला बी बिघडणे म्हणतो, ते हे. विक्रेत्याने बियात काही घातलेले नसते आणि जमीनही रुसलेली नसते. मात्र परिणाम असा झाला की, सरकीची जी कणगी घरात होती ती दुकानात गेली, आणि दर मृगाला रोख पैसा लागू लागला. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया या देशांत कपाशी मुख्यत्वे सरळ वाणांची पेरतात. संकरित कपाशीवर एवढा भर देणारा देश भारतच.

एका बोंडातील हिशेब

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीच्या गुणसूत्रात बसविले, त्यामुळे झाडच बोंडअळीला विषारी झाले. २००६ मध्ये दोन जनुकांची कपाशी आली. फवारणी सुरुवातीला खरोखरच कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळली आणि २०१७ च्या हंगामात तर विदर्भातील शेते या अळीने उद्ध्वस्त केली.

येथे ब्रनोचे चार आकडे परत येतात. हे जनुक भारतात संकरित वाणांतूनच दिले गेले. दोन्ही जनुके एकाच जनकाकडून आली असतील, तर शेतातील प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडातील सरक्या म्हणजे पुढची पिढी. आणि पुढच्या पिढीत जोड्या फुटणारच. सोळा सरक्यांमागे सरासरीने नऊंत दोन्ही विषे, तिनांत पहिले, तिनांत दुसरे आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला बिनविषारी घास मिळतो, अर्धे विषही मिळते, आणि ती हळूहळू ते पचवायला शिकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या धोक्याकडे लक्ष वेधले होते.

अळीतही मेंडेलच आहेत. विष पचविण्याचा गुण बहुधा अप्रभावी असतो. म्हणून बीटीच्या शेताभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, तेथे वाढलेले साधे पतंग शेतातील चिवट पतंगांशी जोडा करतील आणि त्यांची प्रजा विषाला बळी पडेल, अशी योजना होती. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट दिले जाई. ते का दिले, हे कोणी समजावून सांगितले नाही. पुष्कळ ठिकाणी ते पेरलेच गेले नाही. पाणी असलेल्या शेतात मार्चपर्यंत फरदड ठेवण्याच्या सवयीने अळीला बारमाही अन्न मिळाले ते निराळेच. शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी विचारले पाहिजे की, नियम ठाऊक असणाऱ्यांनी तो शेताच्या बांधापर्यंत नेला होता का.

जून २०१९ मध्ये हिवरखेडहून फार दूर नसलेल्या अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेली, तणनाशक सोसणारी कपाशी उघडपणे पेरून आंदोलन केले. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु बी हा केवळ शेतीचा प्रश्न उरलेला नाही, तो हक्काचाही प्रश्न झाला आहे, एवढे त्यावरून दिसते.

काय जपावे

हक्काविषयी एक गोष्ट नक्की आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छाप न लावता विकण्याचाही अधिकार शेतकऱ्याला दिला आहे. पण संकरित वाणाच्या बाबतीत हा अधिकार कागदावरच राहतो, कारण कायद्याने दिलेली मोकळीक मेंडेलचा नियम देत नाही. सरळ वाणांत मात्र ती खरोखर उपयोगी पडते. अकोल्याच्या विद्यापीठाने दिलेली 'एकेए-७' सारखी देशी वाणे सरळ आहेत. त्यांची सरकी राखता येते. शेताच्या मधल्या भागातील निरोगी झाडे निवडावीत, कारण कडेच्या झाडांवर मधमाश्या शेजारचा पराग आणतात. त्यांची बोंडे वेगळी वेचावीत, आणि कापूस कारखान्याच्या ढिगात न टाकता हातचरकीवर वठवावा. आमच्या आज्या जे करीत होत्या, त्यामागे हा नियमच उभा होता.

सर्वांनी संकरित बी टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याला संकर परवडेल. कोरडवाहू जमिनीत, जेथे एका खंडात पेरणी उलटते, तेथे राखता येणारे बी आधार ठरेल. निवड शेतकऱ्याची असावी. परंतु निवडीसाठी आधी ज्ञान लागते. शाळेच्या पुस्तकात मेंडेल यांचे वाटाणे दरवर्षी पाठ केले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. हिवरखेडच्या मुलाला वाटाणा शोधत जाण्याचे कारण नाही. त्याच्या घरामागेच कपाशी आहे. संकरित पिकातील मूठभर सरकी आणि सरळ वाणाची मूठभर सरकी शाळेच्या परसात शेजारी शेजारी लावावी, आणि मुलांनी झाडे मोजून, त्यांची उंची मापून वहीत लिहावी. आमच्या ज्या शाळांना थोडी जमीन आहे, त्यांनी येत्या मृगात हा प्रयोग करून पाहावा.